चादरीखालचं शिंगरू

ऑरिन टोलेफसनच्या घरात मोज्यांची जोडी म्हणून सापडत नाही. धाकटी बहीण दर नाताळला त्याला लोकरीचे जाडजूड मोजे विणून पाठवते. ते हिवाळाभर कसेबसे टिकतात आणि एप्रिल लागला की कपाटातून नाहीसे होतात. मग मे महिन्यात कधीतरी तबेल्यात गेलं की दिसतात, कुठल्या तरी शिंगराच्या पायांत. एका शिंगराला चार लागतात. ऑरिन इतकी वर्षं यावर कुरकुर करत आलाय आणि त्याच्या बायकोनं, आर्डिसनं, ती कुरकुर एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडून दिलीय.

आर्डिस घोडे पाळते. घोडे म्हणजे काय, तर उभं केलं की आपल्या कमरेला लागतील एवढे. पण ठिपके मात्र खऱ्या अ‍ॅपलूसा जातीच्या मोठ्या घोड्यासारखे, खुरांवर पट्टे, आणि डोळ्यांत माणसासारखं पांढरं. ती लग्न होऊन आली तेव्हा पलूस भागातल्या या टेकड्यांवर सगळीकडे गहू आणि मसूर, आणि ऑरिनच्या वडिलांचं मत असं, की ज्या जनावराला नांगराला जुंपता येत नाही आणि कापून खाताही येत नाही ते पाळणं म्हणजे निव्वळ थेर. सासऱ्यानं नाक मुरडलं, दिरांनी टिंगल केली. ऑरिनसुद्धा कमी नव्हता. "पाऊस आला तर घोडा काखेत मारून घरी आणता येईल," असं तो गावभर सांगत हिंडायचा. आर्डिस हसायची आणि शेण काढायची.

रंगाचं वेड तिला होतंच, खोटं कशाला सांगा. पहिल्या काही वर्षांतच तिच्याकडे एक शिंगरी जन्मली, अंगभर ठिपके, रानात उभी राहिली की रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या थांबायच्या. आर्डिस इतकी भुलली, की तिच्या मागच्या पायांकडे बघायचं राहूनच गेलं. त्या घोडीच्या गुडघ्याची वाटी सटकायची. उतारावरून खाली यायचं तर थांबत, लंगडत यायची बिचारी. तिची पिल्लंही तशीच निघाली. आर्डिसनं तिला मरेपर्यंत सांभाळलं, रोज पाय चोळले, पण त्या घोडीनं जन्मभर सोसलं ते आपल्या डोळ्यांच्या हावेपायी, हे तिच्या मनातून कधी गेलं नाही.

तेव्हापासून ती चादर आली.

चादर म्हणजे पलंगावरचीच, जुनी, निळ्या किनारीची. दरवर्षी मे महिन्यातल्या एका शनिवारी त्या साली जन्मलेली शिंगरं एकेक करून पुढे आणायची, डोक्यापासून शेपटीपर्यंत चादरीत गुंडाळून. पाय खाली दिसतात, म्हणून त्यांत ऑरिनचे मोजे. आया फळ्यांच्या आड, म्हणजे कोण कोणाचं ते कळायला नको. परीक्षा घेणारा भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, शिंगरू पुढे आलं की वळतो, चादरीखाली हात घालतो. जबडा, मान, पाठ, गुडघे. मग चार पावलं चालवून बघायचं. तो बोलेल ते शेवटचं. नर असला आणि नापास झाला, तर त्याला खच्ची करायचं. मग चादर काढायची आणि रंग बघायचा. चादरीआधी शिंगराला नावसुद्धा ठेवायचं नाही.

आधी लोक हसले. मग आसपासचे छोटे घोडे पाळणारेही आपापली शिंगरं घेऊन यायला लागले, आणि त्यांच्या मागून फळं भरून भाजलेली पाई आणि बटाट्याचं सॅलड घेऊन बायका आल्या. आता तो शनिवार म्हणजे जत्राच असते.

परीक्षा आर्डिसच घ्यायची. आणि तिला भीडभाड म्हणून नाही. पलीकडच्या टेकडीवरच्या लव्हर्न क्विस्ट या शेजारणीनं एकदा आपलं शिंगरू आणलं होतं. सगळं अंग तांबडं आणि कमरेवर बर्फ पडल्यासारखी पांढरी झूल. लव्हर्ननं त्या रंगासाठी अर्धं आयुष्य घालवलेलं. आर्डिसनं चादरीखाली हात घातला, मागचा पाय दाबून बघितला आणि म्हणाली, "वाटी सैल आहे, लव्हर्न. याला खच्ची कर." लव्हर्न चादर न काढताच शिंगरू गाडीत घालून निघून गेली. वर्षभर बोलली नाही. चर्चमध्ये आर्डिस उजव्या बाजूला बसली की ही डाव्या. पण खच्ची केलं तिनं त्याला. पुढच्या मे महिन्यात त्यालाच छोट्या गाडीला जुंपून तुरुतुरु आली, आणि त्या दिवसापासून आर्डिस स्वतःच्या शिंगरांची परीक्षा लव्हर्नकडून करून घ्यायला लागली. दुसऱ्या कुणाच्या हातावर तिचा विश्वास नाही.

आता बटरमिल्कचं सांगायला पाहिजे. हा आर्डिसचा बीजाचा घोडा. जवळजवळ पांढराशुभ्र, कानामागे आणि गुडघ्यांवर तेवढे चार-दोन ठिपके. असा घोडा कुठल्याही घोडीला दाखवा, शिंगरात ठिपक्यांचं रक्त उतरणारच, म्हणून जाणकार त्याला जपतात. पण अशा घोड्यांना अंधारात दिसत नाही. दिवस कलला की बटरमिल्क बावरायचा. म्हणून आर्डिस तबेल्यात शिरायच्या आधी दारातूनच बोलायला लागायची, आज मसूर किती उगवला, ऑरिननं चष्मा कुठे हरवला, काहीही. गेल्या शरदात पोटशूळ होऊन तो गेला. आर्डिस अजूनही तिन्हीसांजेला तबेल्याच्या दारात थांबून बोलते. ऑरिननं ते ऐकलंय. त्यानं कधी विषय काढला नाही.

बटरमिल्कचे मुलगे पुष्कळ झाले. पण एकाचा जबडा, एकाची पाठ, एकाची चाल, चादरीखाली एकही टिकला नाही. आर्डिस म्हणायची, पुढच्या वर्षी होईल. आता पुढचं वर्ष उरलंच नव्हतं. जुनिपर नावाची म्हातारी घोडी तेवढी त्याच्यापासून गाभण होती. नर झाला आणि चादरीखाली टिकला, तर बटरमिल्कच्या जागी उभा राहील. नाहीतर इतक्या वर्षांच्या मेहनतीवर पाणी.

एप्रिलमध्ये पहाटे जुनिपर मोकळी झाली. ऑरिन कॉफी घेऊन तबेल्यात गेला आणि दारातच थबकला. नर होता. दुधासारखा पांढरा आणि नाकापासून खुरापर्यंत काळे गोल ठिपके, कोटाला बटणं लावावीत तसे. ऑरिनला घोड्यांतलं फारसं कळत नाही, पण तोही कप हातात तसाच धरून बघत राहिला. आर्डिस शेजारी गवतात बसली होती. तिचे डोळे भरले होते.

"तोंड उघडून बघितलंस?" ऑरिननं विचारलं.

"कॉफी गार होतेय," आर्डिस म्हणाली.

पुढे काही दिवसांनी त्यानं परत विचारलं, तर तिला एकदम कोंबड्यांना दाणे घालायची आठवण झाली. ऑरिन काय समजायचं ते समजला. ही घाबरलीय. ही बघतच नाहीये. आणि एका दुपारी त्यानं फळीआडून ऐकलं, ती शिंगराला हाक मारत होती, "बटण, ये रे, बटण." चादरीआधी नाव. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

नवरा म्हणून आपण काहीतरी करायला हवं, असं त्याच्या मनानं घेतलं. आणि या माणसानं मनावर घेतलं की काहीतरी घोळ होणार हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. शनिवारच्या आदल्या दिवशी तो लव्हर्नच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला. ती रुबार्बचे आंबट देठ चिरत होती.

"हल्ली माझा घसा जरा खराब आहे, लव्हर्न."

"मध घे."

"घेतो. म्हणजे काय, उद्या एखाद्या शिंगराच्या वेळी मला खोकला आला तर..."

लव्हर्नची सुरी थांबली. "तर काय?"

"तर ते बटरमिल्कचं असेल. बस, एवढंच. बाकी तुझं तू बघ."

"ऑरिन टोलेफसन," लव्हर्न म्हणाली, "ऊठ आणि चालता हो. आणि जाताना तरी बुटांचा चिखल पुस, येताना पुसला नाहीस."

तो खाली मान घालून घरी आला आणि ठरवलं, खोकायचं नाही.

शनिवारी ऊन छान पडलं होतं. लोक गवताच्या पेंढ्यांवर बसले, पाई कापल्या गेल्या, कॉफी फिरली. आर्डिसच्या शिंगरांची पाळी आली तशी लव्हर्न बाह्या सरसावून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पहिलं शिंगरू आलं. "छान. मान तेवढी आखूड, पण छान." दुसरं आलं. "पुढचा पाय किंचित आत वळतो. शिंगरी आहे ना? मग ठेव, पण घोडा निवडताना पायांचं बघ." लोकांनी माना डोलावल्या. चादरी निघाल्या, कौतुक झालं.

मग आर्डिस तिसरं घेऊन आली. चादरीखाली ते नाचत होतं, चार पायांत ऑरिनचे चार वेगवेगळे मोजे. आर्डिसचा चेहरा शांत होता. पण दोरी तिनं हाताला तीन वेढे देऊन आवळून धरली होती. ते ऑरिनला दिसलं आणि त्याचा निर्धार गळून पडला. तो खोकला. चांगला घसा खाकरून खोकला.

लव्हर्न वळली. तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. चादरीखाली हात घातला, जबड्यापाशी नेला, आणि तिथेच ठेवला. फार वेळ ठेवला. मग पाठ बघितली, पाय बघितले, चालवून बघितलं.

"चांगलं आहे," लव्हर्न म्हणाली.

कोणीतरी टाळी वाजवली. ऑरिननं सुटकेचा श्वास सोडला. पण आर्डिस जागची हलली नाही.

"तोंड परत बघ, लव्हर्न."

"बघितलं."

"आणि?"

"चांगलं आहे म्हटलं ना."

"खालचा जबडा पुढे आहे," आर्डिस म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "जन्मला त्याच दिवशी मी बोट घालून बघितलं. ऑरिन कॉफी घेऊन यायच्या आधीच. नंतर रोज बघत आले, आज तरी बदलला असेल म्हणून. नाही बदलला. याची पोरं झाली तर त्यांना गवत धड तोडता यायचं नाही."

ऑरिननं हातातला कप खाली ठेवला. रोज. रोज बघत होती ही, आणि कोंबड्यांचे दाणे सांगत होती.

"मला तोंडानं म्हणवत नव्हतं," आर्डिस म्हणाली. "वाटलं, तू म्हणशील. बाकी कोणी नाही, पण लव्हर्न मला सोडणार नाही."

लव्हर्नचा चेहरा पार उतरला होता. तिनं हात एप्रनला पुसले, परत पुसले. "तुला हे एकदा ऐकवायचं म्हणून मी किती वर्षं वाट बघितली, ठाऊक आहे तुला? त्या दिवशी गाडीत बसून घरी जाताना ठरवलं होतं, हिचाही दिवस येईल. आणि आज आला, तर माझी जीभच वळेना."

"माझी तेव्हा बरी वळली होती," आर्डिस म्हणाली.

"तुझं बरोबर होतं."

"बरोबर होतं म्हणून काय झालं. तुला दुखलंच असणार."

लव्हर्ननं पुढे होऊन आर्डिसच्या हातातली दोरी स्वतःच्या हातात घेतली. आर्डिसनं चादर काढली, आणि पेंढ्यांवर बसलेल्या सगळ्या लोकांनी ते ठिपक्यांचं शिंगरू बघितलं. आर्डिसनं चादरीची नीट घडी घातली, किनारीला किनार लावून, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "खच्ची करायचा आहे." जे दुसऱ्यांना सांगत आली होती तेच, त्याच शब्दांत.

लोक गेल्यावर ऑरिन तिच्यापाशी आला. "तो खोकला माझा..."

"ठाऊक आहे," आर्डिस म्हणाली. "लव्हर्नला जन्मात पहिल्यांदा खोटं बोलायला लावलंस तू. पुढच्या वर्षी तोंडात खडीसाखर धरून बस."

सप्टेंबरात माशा कमी झाल्या तेव्हा डॉक्टर आला आणि काम झालं. लव्हर्न येऊन शिंगराचं डोकं धरून बसली होती. बटरमिल्कच्या मुली आहेत, त्यांच्यातून रक्त पुढे जाईल, कोणा दुसऱ्याच्या घोड्याबरोबर, कोणा दुसऱ्याच्या रंगात. पण त्याच्यासारखा, त्याच्या जागी उभा राहणारा, आता होणार नाही. आर्डिसनं हे एकदाच बोलून दाखवलं, भांडी घासताना.

बटण बरा होऊन रानात धावायला लागला, तेव्हा एका दुपारी ऑरिन गव्हाची पेरणी आटपून आला तर घरात बायको नाही. स्वयंपाकघरातली एक खुर्चीही नाही. बघतो तर कुंपणापाशी आर्डिस खुर्ची टाकून बसलेली. हातात काम नाही, विणकाम नाही, काही नाही. तिला अशी रिकामी बसलेली त्यानं उभ्या जन्मात बघितली नव्हती.

"बरं वाटत नाही का?" त्यानं विचारलं.

"बघतेय."

"काय बघतेयस? पाय?"

"पाय नाही, तोंड नाही. काही तपासत नाहीये." तिनं नजर हलवली नाही. उन्हात बटण शेपटी उडवत पळत होता आणि त्याच्या अंगावरचे ठिपके लखलखत होते. "इतकी वर्षं मला रंगाकडे बघायची भीतीच वाटायची, ऑरिन. भुलेन, आणि कोणाला तरी सोसावं लागेल. याच्यामागे आता कोणी येणार नाही. आता नुसतं बघता येतं." तिनं डोळे पुसले. "काय देखणा आहे रे तो."

ऑरिन घरात गेला आणि दुसरी खुर्ची घेऊन आला.