इराला पोचतं का?

एचएसआर लेआउटमधल्या आमच्या क्लबहाउसात दर शनिवारी विशेष गरजा असलेल्या मराठी मुलांचा वाचन-लेखनाचा वर्ग भरतो. तिथले किस्से कुणी जमवत नाही, दाराबाहेरच्या चपलांसारखे ते आपोआप साठतात. मी आठवडाभर कोड लिहिणारी बाई. नीट सूचना दिली की नीट काम होतं, अशी माझी समजूत. इथे सूचना मी देते आणि होतं भलतंच!

वर्ग चालवतात शैलाअक्का. मूळच्या निपाणीच्या, मराठीत कानडी मिसळून बोलणाऱ्या, विशेष मुलांच्या शाळेतून रिटायर झालेल्या. पहिल्या दिवशी मी विचारलं, "अक्का, मी नक्की काय करू?"

"काय करू नकोस. बस स्वल्प."

मी तासभर बसले. निघताना म्हणाल्या, "छान केलीस गं!" काय केलं, ते मला अजून कळलेलं नाही.

गोंधळात माझ्या जोडीला मंजिरी. तिची नऊ वर्षांची इरा बोलत नाही. मंजिरी तिला गोष्ट वाचून दाखवते तेव्हा इरा पंख्याकडे बघत असते. दर शनिवारी मंजिरीचा एकच प्रश्न, "अक्का, हिला पोचतं का हो काही?"

अक्कांचं उत्तरही एकच. "वाच तू."

*

पेन्सिल धरणं जड जातं त्या मुलांसाठी आम्ही ताटात रवा पसरतो. त्यात बोटाने अक्षरं काढायची. एकदा मी रव्याची ताटं कँटीनच्या ओट्यावर ठेवून खोली आवरायला गेले. थोड्या वेळाने कँटीनवाले अण्णा गरमागरम उप्पिट घेऊन हजर! सगळ्यांनी ताव मारला. बशी ठेवायला गेले तर ओट्यावर रिकामी ताटं.

मी घाबरत अक्कांना सांगितलं. त्यांनी शेवटचा घास तोंडात टाकला.

"सरी, असू दे. आता तरी तुझं अक्षर सुधारंल!"

*

ओंकारला दिसत नाही. त्याच्यासाठी हात लावून वाचायचं पुस्तक करायचं होतं. मी हौसेने मखमलीचा हत्ती चिकटवला. त्याने बोटं फिरवली आणि म्हणाला, "मांजर."

"अरे, हत्ती आहे तो!"

"काकू, तुम्ही कधी हत्तीला हात लावलाय?"

नव्हता लावला. त्याने देवळातल्या हत्तीला लावला होता. "राठ असतो. केस टोचतात."

मी रात्री बसून सँडपेपर आणि काथ्याचा हत्ती केला. नवरा म्हणाला, "पायपुसणं छान झालंय." शनिवारी ओंकार म्हणाला, "हां, आता हत्ती!"

कुणाचं ऐकायचं माणसाने?

*

इरापुढे चित्रांची कार्डं ठेवलेली असतात. 'अजून', 'थांब', 'नको'. हवं ते उचलायचं आणि समोर ठेवायचं. गोष्टीच्या वेळी तिने कधी एकाही कार्डाला हात लावला नव्हता.

त्या शनिवारी मंजिरीला इलेक्ट्रॉनिक सिटीत कुणाच्या तरी वास्तुशांतीला जायचं होतं. खाली गाडीत तिचा नवरा हॉर्न वाजवत होता. शेळीची दर शनिवारची तीच ती गोष्ट वाचताना तिने घाईत एक पान गाळलं.

इराने पुस्तकावर 'थांब' ठेवलं.

"कंटाळली," म्हणत मंजिरीने पुस्तक मिटलं. इराने ते उघडलं, पानं मागे उलटली आणि गाळलेलं पान आईसमोर धरलं. नजर पंख्याकडेच!

मंजिरीने ते पान वाचलं. मग तिने मुद्दाम दोन पानं गाळली. पुन्हा 'थांब'!

मंजिरी एकाच वेळी रडत आणि हसत होती. "अक्का, पोचतं हो! सगळं पोचतं हिला!" खाली हॉर्न वाजतच होता. मंजिरीचं तिकडे लक्षच नव्हतं. आनंदाच्या भरात तिने आणखी एकदा पान गाळलं.

या वेळी इराने कार्ड उचललंच नाही. तिने आईच्या हातातून पुस्तक काढून घेतलं आणि माझ्या मांडीवर आणून ठेवलं.