सखारामची तीन पिंपं

आमच्या बेटावरच्या रिव्हिएर दू रांपार गावाहून येणाऱ्या बसचा कंडक्टर माझ्या सोनारीच्या दुकानात आला आणि म्हणाला, “शेट, तुमचे सखाराम फिटर गेले.” हातातली बांगडी मी खाली ठेवली... त्याला सहा आठवडे झाले.

सखाराम साखर कारखान्यात उसाच्या रसाचे पंप सांभाळायचा. एका वर्षी वादळाने ऊस आडवा झोपला होता. कारखान्यात ऊस यायचा तो माती-रेतीने माखलेला, आणि तसलाच रेतीचा रस पंपातून फिरायचा. ऐन हंगामात एका पंपाचं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, कवच फुटलं. रसाच्या फवाऱ्याच्या जोराने दीपलाल फिटर ओट्यावरून खाली पडला, त्याचा पाय मोडला. वर ठपकाही त्याच्यावरच आला... बोल्ट नीट आवळले नाहीत म्हणून. नोकरी जाणार हे ठरल्यातच जमा होतं.

सखारामने फुटकं कवच हाताने चाचपलं. आतून ते कागदासारखं पातळ झालं होतं. कारखान्याचे साहेब म्हणाले, “बीड इतक्यात झिजत नाही. रस आंबट असतो, पण थोडंच खातो. रेतीही थोडंच घासते.”

“दोनी एका वक्ताला काय करत्यात, ते बगितलंय का, मिस्ये?” सखारामने विचारलं. तिकडे साहेबांना ‘मिस्ये’च म्हणतात.

मग त्याने त्याच कवचाच्या सारख्या पट्ट्या कापल्या आणि तीन पिंपं मांडली. एकात नुसता रस, रोज ताजा. दुसऱ्यात पाणी आणि रेती. तिसऱ्यात रस आणि रेती. तिन्हींत सारख्याच वेगाने वल्हं फिरायचं. दर रविवारी तो पट्ट्या पुसून, वाळवून माझ्याकडे आणायचा आणि मी त्या सोन्याच्या काट्यावर तोलायचो. लोक हसायचे. “लोखंड मोजतोय सोन्यावानी!” सखाराम मान वर करायचा नाही.

पाचव्या रविवारी आम्ही पट्ट्या पुन्हा पुन्हा तोलून पाहिल्या. तिसऱ्या पिंपातल्या पट्टीच्या वजनातली घट पहिल्या दोन पिंपांतल्या घटीच्या बेरजेहून कितीतरी जास्त होती. रस धातूवर गंज चढवायचा, रेती तो खरवडून टाकायची, आणि उघड्या पडलेल्या धातूला रस पुन्हा नव्याने खायचा. त्याने पितळही लावून पाहिलं. ते आंबटाला टिकलं, पण रेतीपुढे मऊ पडलं. भरपूर क्रोमियम घातलेलं कडक बीड मात्र दोघांनाही पुरून उरलं.

पट्ट्या टेबलावर ठेवून तो साहेबांना म्हणाला, “दीपलालचं नाव साफ करा. मगच बाकीचं बोलू.” साहेबांनी पट्ट्या स्वतः तोलून घेतल्या. दीपलालवरचा ठपका निघाला. पुढच्या हंगामाला नव्या धातूचे पंप बसले आणि ते हंगामभर टिकले.

परवा मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको, गंगावहिनी, चिंचेची आमटी ढवळत होत्या. हातातला लोखंडी डाव एका कडेने तिरका झिजलेला. आमटी उतरवली, आणि मला पाट देण्याआधी त्यांनी तो डाव धुऊन, पुसून, कोरडा करून खुंटीला लावला.

“आंबट लागलेलं तसंच ठेवायचं न्हाय,” त्या म्हणाल्या. “ह्यांना चालत न्हाय.”