आईचं ‘नको’

दुसऱ्या लाटेत आईला कोरोना झाला. आमच्या हिंदीभाषी शहरात, चेरीताल मोहल्ल्यातल्या घरात आम्ही दोघंच. आयुष्यभर तिनं मुलींच्या शाळेत गणित शिकवलं होतं आणि घरातही शेवटचा शब्द तिचाच असायचा. ऑक्सिजन उतरू लागला तसं मी तिला एका खासगी इस्पितळात भरती केलं. आत जाता येत नव्हतं. जे काही कळायचं ते फोनवर.

एका दुपारी डॉक्टरांचा फोन आला. “माताजी मास्क निकाल देती हैं. कहती हैं, नहीं चाहिए. हमने हाथ बाँध दिए हैं.”

“मुझसे पूछ तो लेते.”

“टाइम नहीं था, भैया. ऑक्सीजन इतना कम हो तो मरीज़ का ‘नहीं’ मैं नहीं मानता.”

मी फोन ठेवला. खरं तर मला धीरच आला होता.

आई वाचली. घरी आली तेव्हा दोन्ही मनगटांवर काळेनिळे वळ होते. नातेवाईक फोन करून तिला नशीबवान म्हणायचे, ती ऐकून घ्यायची. एकदा मेथी निवडता निवडता म्हणाली, “काहून बांधलं रे मला? मी शुद्धीत होती. त्या मशीनची हवा तोंडावर आदळून राहिली होती, जीव गुदमरून राहिला होता. नको म्हटलं तर नर्स म्हणे, डॉक्टरसाहेबांनी सांगितलंय.”

“पण वाचलीस ना त्यानं.”

“वाचली. ते वेगळं.”

पुढे तपासणीसाठी तिला डॉक्टरांच्या ओमतीतल्या क्लिनिकमध्ये नेलं. खुर्चीत बसताच तिनं विचारलं, “मैंने मना किया था. आपने सुना था?”

“सुना था. मान लेता तो आज आप यहाँ न होतीं.”

“हो सकता है. पर बाँधने से पहले दो मिनट मेरे पास बैठ तो जाते.”

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या.

पुढच्याच हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. या वेळी कोरोना नव्हता. “भरती नाही व्हायचं मला,” ती म्हणाली. “आत्ताच सांगून राहिली, डोकं ठिकाणावर आहे तोवर.” मी त्याच डॉक्टरांना घरी बोलावलं. ते पलंगाजवळ खुर्ची ओढून बराच वेळ बसले. इस्पितळात इंजेक्शनं दिली तर बरं वाटेल, या खेपेला मास्क लागणारही नाही, असं समजावत राहिले. ती प्रत्येक वेळी नकारार्थी मान हलवायची. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “जैसा माँ कहें.” ते उठले.

त्याच आठवड्यात ती गेली.

तेराव्याच्या आधी त्यांचा फोन आला. चार शब्द सांत्वनाचे बोलले, मग थांबून म्हणाले, “ले आते तो बच जातीं, भैया.”

मी ‘जी’ म्हटलं. बाहेरच्या खोलीत समाचाराला आलेली माणसं बसली होती. त्यांच्यात जाऊन बसायला हवं होतं, पण मी स्वयंपाकघरातच उभा राहिलो. आजही कुणी विचारलं, नेलं काहून नाही, तर मी तिचं ‘नको’ सांगतो, आणि डॉक्टरांचं ते वाक्यही.