जॅग्वारचा फोटो

अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या सहलीला आम्ही चँडलरहून टूसॉनजवळच्या प्राणिसंग्रहालयात गेलो होतो. जॅग्वारच्या पिंजऱ्यापाशी एक वयस्कर अमेरिकन स्वयंसेविका उभी होती. कुणी ‘लेपर्ड’ म्हटलं की न चिडता हातातल्या फोटोवर बोट ठेवायची. जॅग्वारच्या अंगावरच्या काळ्या कड्यांच्या आत ठिपके असतात, बिबट्याच्या नसतात.

तो फोटो डोंगरात लावलेल्या कॅमेऱ्याने टिपलेला.

“हा फोटोतला नर मेक्सिकोतून चालत आला,” ती म्हणाली. “इथल्या डोंगरात एकटाच फिरतोय. मादी पलीकडे आहे आणि मध्ये आता सीमेवरची भिंत झाली.”

“म्हणजे हा विदाउट व्हिसा आला?” आमच्यातले एक काका इंग्रजीत म्हणाले. सगळे हसले.

ती हसली नाही. फोटोवरची धूळ बाहीने पुसत म्हणाली, “याच्या आज्या-पणज्या इथेच व्यायल्या. कागद तुम्ही-आम्ही दाखवायचे.”

माझे कान तापले. स्वतःच्या व्हिसासाठी रात्रंदिवस धास्तावणारी माणसं आम्ही.

परतताना गाडीत काका म्हणाले, “बाई जरा जास्तच सीरियस होती यार.”

मी सहसा कुणाला उलट बोलत नाही. “काका, त्याचा इथला वंश संपतोय. त्यात हसायचं काय?”

काकूंनी घाईघाईने चिवड्याचा डबा पुढे केला.

मी घेतला नाही.