लाल कोळ्यांची दिवाळी

नवऱ्याची बदली चंडीगडला झाली तेव्हाच मी ठरवलं होतं, या खेपेला तीन वर्षं पडदे शिवण्यात आणि किटी पार्ट्यांत घालवायची नाहीत. हवाई दलातल्या माणसाशी लग्न केलं की दर नव्या गावी पहिल्यापासून घर मांडावं लागतं आणि ते मनासारखं मांडून झालं की पुढच्या बदलीचा हुकूम येतो. माझ्याकडे वनस्पतिशास्त्राची पदवी होती, धूळ खात पडलेली. ती झटकली आणि शहराच्या कडेला असलेल्या एका संशोधन संस्थेत सहायक म्हणून लागले. काम काय, तर बंद खोलीत, दिव्यांच्या उजेडात भांगेची झाडं वाढवणं. सरकारी परवानगीनं, हे आधीच सांगते. घरी, दारी, लग्नकार्यात, कुठेही विषय निघाला की मला हे वाक्य आधी म्हणावं लागतं.

गंमत अशी की या गावात भांग कुठे नाही? आमच्याच कुंपणाबाहेर ती कमरेएवढी माजलेली असते. गाईसुद्धा तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. सकाळी स्कूटर लावून मी त्याच रानातून वाट काढत फाटकाशी यायची, आणि आत गेल्यावर त्याच जातीच्या डझनभर झाडांसाठी दोन कुलपं, एक कॅमेरा, वेगळ्या चपला, वेगळा कोट आणि डोक्याला टोपी. आतली झाडं साधी नव्हती, मान्य आहे. त्यांच्या फुलांतलं तेल औषधासाठी तपासायचं होतं. तरी पहिल्या दिवशी मला हसू आवरलं नव्हतं आणि आमच्या प्रमुख मॅडमनी चष्म्यावरून असं पाहिलं की पुढे महिनाभर आवरलं.

मॅडम पक्क्या पंजाबी, बोलायला प्रेमळ आणि नियमाच्या बाबतीत कर्दनकाळ. त्या खोलीत डबा नाही, पर्स नाही, केसात गजरा नाही. बाहेरचं काहीही आत न्यायचं नाही.

झाडं खरी होती ती नागपूरच्या एका मुलीची. पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला होती. आधीच्या दोन खेपा तिच्या हातच्या गेल्या होत्या, एक दिवे बिघडल्यामुळे आणि दुसरी बुरशीनं. ही तिसरी आणि शेवटची. फेलोशिप वर्षअखेरीला संपणार होती, आणि नवी झाडं लावायची तर परवानगीचं चक्र पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे ही फुलं हाती आली तर पोरीची पदवी, नाहीतर चार वर्षं पाण्यात. तिला हे ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि झाडांनाही ठाऊक असावं, कारण ती त्यांच्याशी रोज बोलायची. मला तिचं हे बोलणं आवडायचं, पण तसं मी कधी म्हटलं नाही. मी वयानं मोठी, त्यामुळे रागावणं एवढंच माझ्याकडे होतं.

दिवाळीच्या जरा आधी एका सकाळी ती माझ्या टेबलाशी आली. चेहरा उतरलेला.

"ताई, जरा पाहा ना. खालची पानं पांढरी होऊन राहिली."

मी गेले. पानांवर बारीक फिकट ठिपके होते, कुणी वरून रवा भुरभुरावा तसे. एका पानाखाली पांढरा कागद धरला आणि टिचकी मारली. कागदावर मिऱ्याच्या पुडीसारखं काहीतरी पडलं. मग ती पूड चालायला लागली.

"अरे बाप्पा!" ती म्हणाली आणि मटकन स्टुलावर बसली.

लाल कोळी. कोळ्याचाच भाऊबंद, पण टाचणीच्या टोकाएवढा. पानाच्या पाठीवर बसतो, रस शोषतो, जाळं विणतो, आणि गरम कोरड्या खोलीत त्याचा वंश असा वाढतो की विचारू नका. आमची खोली तशीच, गरम आणि कोरडी. त्याची दिवाळी आमच्या आधी सुरू झाली होती.

कीडनाशक मारायची सोय नव्हती. झाडं फुलावर आलेली. फवारा फुलांत उतरला की तेलात उतरणार, आणि मग तपासायचं काय, कपाळ? मॅडम आल्या, भिंगातून बघितलं, आणि नियम सांगितला. कीड लागलेली खेप जाळायची, कारण शेजारच्या खोल्यांत इतरांची झाडं होती. मुलगी झाडांच्या आणि मॅडमच्या मध्ये जाऊन उभी राहिली.  शेवटी मॅडम म्हणाल्या, "चलो, जब तक फूलों पे जाला नहीं आता, तब तक कोशिश कर लो. जिस दिन जाला फूलों तक पहुँचा, मैं खुद तीली लगाऊँगी."

त्या संध्याकाळी मी सांगलीकडे सासऱ्यांना फोन लावला. त्यांची द्राक्षाची बाग आहे आणि लाल कोळ्याशी त्यांचं जुनं वैर आहे.

"गंधक मार की," ते लगेच म्हणाले. "पीक कुठलं हाय?"

"औषधी आहे, मामा."

"औषधी म्हंजे? पान कसलं हाय?"

"हाताच्या पंजासारखं."



"गांजा लावलाईस व्हय गं पोरी!" आणि ते असे हसले की फोन कानापासून लांब धरावा लागला. मी सरकारी परवानगीचं वाक्य म्हणत राहिले, पण ते ऐकत होते कुठे? तासाभरात सासूबाईंचा फोन आला, की हे पारावर सगळ्यांना सांगत सुटलेत. गंधकाचा आम्हाला काही उपयोग नव्हता, तोही फुलांत उतरणारच, वर सुनेची अब्रू गेली.

दुसऱ्या दिवसापासून लढाई. जास्त खराब झालेली पानं काढून पिशवीत बंद करून मॅडमच्या ताब्यात द्यायची. उरलेल्या प्रत्येक पानाची पाठ ओल्या कापसानं पुसायची, फुलांना पाणी न लागू देता. ती एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं. मान मोडायची आणि माझं डोकं तापायचं. हे आत आणलं कुणी, हा एकच प्रश्न मला छळत होता. एसी दुरुस्त करणाऱ्याला मी फैलावर घेतलं, कारण त्याच्या बुटांना नेहमी गवत असायचं. तो बिचारा कान पकडून म्हणाला, "मैडम जी, मैं तो बाहर वाली मशीन तक ही आता हूँ." रखवालदारावर संशय घेऊन झाला. मॅडमच्या शालीवरही घेतला, मनातल्या मनात.

मग रॅक धुवायला म्हणून कुंड्या हलवल्या. रॅकच्या मागच्या पायाला, भिंतीच्या बाजूला, पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेली झेंडूची माळ होती. वाळून तपकिरी झालेली. भिंग लावून पाहिलं तर पाकळ्यांत जाळीच जाळी. झेंडू म्हणजे लाल कोळ्याचं माहेर, हे तर पुस्तकात असतं.

मी वळले. मुलगी माळेकडे बघत उभी होती आणि तिच्या तोंडचा रंग गेला होता.

"मीच बांधली होती, ताई. खंडेनवमीला."

मी हातातलं भिंग खाली ठेवलं. 

"बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे ना. खंडेनवमीला पाने-पकडी, पंप, सगळं धुऊन पुसून मांडतात आणि फुलं वाहतात. ज्याच्यावर पोट चालते त्याले हात जोडायचे म्हणतात. माझं पोट तर या झाडांवरच चालून राहिलं. सेक्टरच्या बाजारात झेंडू भेटला, मी म्हटलं एक छोटीशी माळ... कोटाच्या खिशातून आणली." आणि ती रडायला लागली.

चोर सोडून मी संन्याशांना फाशी देत फिरत होते, आणि चोर माझ्या शेजारी बसून कापूस भिजवत होता. रागावणार तरी काय? त्याच खंडेनवमीला मी माझ्या स्कूटरला झेंडूचा हार घातला होता, वर नवऱ्याकडून फोटो काढून घेतला होता. दूर गावी आलं की माणूस देवापेक्षा सणाला जास्त घट्ट धरतो. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी तिला जवळ घेतलं आणि मलाही रडू आलं. आमच्या दोघींच्या टोप्या वाकड्या झाल्या.

मॅडमना आपण सांगू नये, असं माझं मत होतं. माळ पिशवीत टाकायची आणि विषय संपवायचा. पण ती म्हणाली, "नाही ताई, शेजारच्या खोलीतल्या झाडांचं काय? त्यांना समजलं पाहिजे." आणि गेली. मी दाराशी कान लावून उभी राहिले, कारण मी तशीच आहे.

 आतून मॅडमचा आवाज आला, "कमलिए! पूजा करनी सी ते दरवाजे दे बाहर कर लैंदी!" म्हणजे वेडे, पूजा दाराबाहेर उरकायचीस ना. त्यानंतर खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि मॅडम दक्षिणेतल्या कुठल्याशा प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीशी फोनवर बोलू लागल्या. बाहेर आल्या तेव्हा मला म्हणाल्या, "कान दुख गया होगा, अंदर आ जाओ."

मैत्रिणीनं धाडलेली बाटली लवकरच आली. आत भुसा, आणि भुशात शिकारी कोळी. लाल कोळ्यापेक्षा जरा थोराड, नारिंगी, आणि कमालीचे चपळ. ते झाडाला हात लावत नाहीत, फक्त लाल कोळी आणि त्याची अंडी खातात. काट्यानं काटा काढायचा. आम्ही चिमटीनं तो भुसा पानापानांवर ठेवला आणि खोली जरा गार, जरा दमट केली. मुलीनं नागपूरचं तिकीट रद्द केलं. लक्ष्मीपूजनाला मी तिला घरी नेलं. माझी दोन्ही मुलं तिच्याशी हिंदीत भांडली, ती मराठीत भांडली, आणि माझा अर्धा चिवडा तिघांनी मिळून फस्त केला. पाडव्याच्या सकाळी ती पुन्हा खोलीत हजर होती.

पुढचे दिवस आम्ही भिंग घेऊन एकच रेघ राखत होतो. जाळं फुलांच्या खालच्या पानापर्यंत चढलं होतं. एका झाडावर तर अगदी देठाशी.  मग एक दिवस पानाखाली टिचकी मारली तेव्हा कागदावर पडलेले बहुतेक ठिपके नारिंगी होते. नंतर नारिंगीही कमी झाले, कारण त्यांना खायला उरलं नव्हतं. बाहेर धुकं पडायला लागलं होतं आणि आतली फुलं फुगली होती, चिकट, उग्र वासाची.

काढणीच्या दिवशी मॅडमनी प्रत्येक फूल भिंगाखाली धरलं. घाई नाही, गप्पा नाहीत. शेवटच्या झाडापाशी त्यांनी भिंग खिशात ठेवलं आणि म्हणाल्या, "साफ है. चल, काट ले."

मी कात्री पुढे केली. मुलीनं ती घेतली आणि पहिल्या झाडाच्या बुंध्याशी नेली. तिथेच थांबली. या पानांच्या पाठी तिनं एकेक करून पुसल्या होत्या. दिवाळी त्यांच्यापायी सोडली होती. इतके दिवस आम्ही यांना वाचवायचं एवढंच बोलत होतो, आणि वाचवायचं ते कापण्यासाठी, हे दोघीही सोयीस्करपणे विसरलो होतो.

"ताई, तुम्ही कापा ना," ती म्हणाली.

"मी नाही. तुझं पीक आहे. काप," मी खेकसले.

तिनं डोळे मिटून कात्री दाबली. झाड तिच्या हातात आडवं झालं, तेव्हा तिनं ते कडेवर मूल घ्यावं तसं धरलं आणि वजनकाट्यापर्यंत नेलं. मग परत आली, नाक पुसलं आणि दुसऱ्या झाडाकडे वळली.