भरून वाहणारं पिंप

ढेकणांनी पार वाट लावली होती आमची, म्हणून घरात औषध मारून घेतलं. घाटकोपरच्या त्या घरात मी आणि आई दोघीच. आईला दमा. फवारणी करणाऱ्या माणसाला मी खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, रात्रीच्या जेवणापर्यंत आत पाऊल नको, दार बंद ठेवा, मग खिडक्या उघडा, पंखे लावा आणि वास गेल्यावरच आत जा. आई सारखी मान डोलवत होती. मला वाटलं, चला, कळलं बाईला.

तिला समोरच्या काकूंकडे बसवलं. दम्याचा पंप टीपॉयवर, तिच्या हाताशी ठेवला. "हलायचं नाही इथून," असा दमही दिला आणि खाली पावभाजी आणायला गेले.

नेमकी आमच्याकडची पाण्याची वेळ. एक दिवस नाही भरलं पाणी तर काय आभाळ कोसळतंय, असा माझा हिशेब. पण आई म्हणजे अंगात ताप असतानाही नळावर उभी राहणारी बाई!

वर आले तर काकू त्यांच्या मोरीत बादल्या भरत होत्या. आईची खुर्ची रिकामी. पंप टीपॉयवर तसाच. आणि आमच्या बंद दाराबाहेर तिच्या चपला.

मी दार बडवलं. "आई! ए आई!" आतून फक्त पाण्याचा आवाज. दाराला कान लावला. पिंप भरून वाहत होतं. आईने आयुष्यात कधी पिंप वाहू दिलेलं नाही.

लॅचची किल्ली तिच्याकडे. दुसरी काकूंच्या फ्रिजवर. "काकू, लवकर!" मी ओरडले. त्यांच्या ओल्या हातातून ती दोनदा पडली.

दार उघडताच वासाने घसा जळला. आई मोरीच्या उंबऱ्याशी बसली होती, पदर तोंडावर, मान खाली. ओढणी नाकाला बांधून मी तिच्या काखेत हात घालून तिला फरफटत बाहेर आणलं. ओठ निळसर पडलेले. काकूंनी आणून दिलेला पंप मारला. काही नाही. पुन्हा मारला. काकू देवाचं नाव घेत पाठ चोळत होत्या. मला वाटलं, गेली माझी आई, एका पिंपापायी गेली.

मग एकदाचा तिच्या छातीतून घरघरत श्वास आला.

"दार कशाला लावून घेतलंस?" मी रडत ओरडले.

"तो औषधवालोच म्हणालो ना... बंद ठेवा म्हणान," ती धापा टाकत तिच्या मालवणीत म्हणाली. आणि लगेच, "नळ बंद केलंस मां?"

खालच्या डॉक्टरांनी वाफ दिली, रात्रभर काकूंकडेच ठेवा म्हणाले.

सकाळी खिडक्या उघडून, पंखे लावून, वास गेल्यावरच मी आत कामाला लागले. फवारताना पिंप उघडंच होतं, त्यामुळे सगळं पाणी ओतून देणं भाग होतं. मी डबडं घेऊन उपसायला लागले. आई काकूंच्या दारात उभी राहून बघत होती. इतका राग आला होता मला तिचा, की बोलायची सोय नव्हती.

"गो," ती बसक्या आवाजात म्हणाली, "थोडा बादलेत काढून ठेव. लादी पुसूक चलात."

मी डोळे पुसले आणि बादली भरली.