धर्माच्या शिंगराचे दोन भोवरे

९ डिसेंबर १९९७, मंगळवार. सकाळी धुकं, दहानंतर लख्ख ऊन. वारा नाही.

आजचा प्रकार लिहायला वही उघडली, तर मागचेच किस्से आधी आठवले. असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. औषधांच्या नोंदी करता करता ते समासात साचतात, आणि एक दिवस समास संपतो!

मी आखाडा बाळापूरकडच्या एका जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर. लष्कराने पैदाशीसाठी एक घोडा आमच्याकडे ठेवला होता. गावकऱ्यांनी आपल्या घोड्या आणायच्या. शिंगरू उंचीला, पायांना बरं निघालं तर फौज घेणार, नाहीतर ते मालकाकडेच.

*

या घोड्याला नाव नव्हतं. खुरावर डागलेला नंबर, तीच ओळख. तो आल्यावर आठ महिन्यांनी करीमचाचा नालबंद आले. वाढलेले खूर त्यांनी मन लावून तासले, नाल ठोकले, मागे सरून बघितलं. खूर सुरेख. नंबर गायब!

"चाचा, नंबर कुठाय?"

"तासल्यात गेला ना भाऊ. तुमाला खूर बराबर पायजे का नंबर?"

मी वर पत्र लिहिलं, नंबर पुन्हा डागून द्यावा. उत्तर आलं: "हा तोच घोडा असल्याची खुरावरील नंबर पाहून खात्री करावी व कळवावे."

ते पत्र मी तीनदा वाचलं. अजून उत्तर दिलेलं नाही.

*

त्यावर चाचांनी आपल्या पणजोबांचं काढलं. ते हिंगोलीच्या छावणीत घोडेस्वार होते. तेव्हा स्वाराचा घोडा मेला, तर त्याचा नंबरवाला खूर कापून दाखवावा लागे. मगच दुसरा घोडा मिळायचा. पणजोबांचा घोडा कनेरगावच्या रस्त्यावर मेला. खूर फडक्यात बांधून ते छावणीपर्यंत पायी आले. कारकुनाने खूर बघितला, वहीत नोंदवला आणि विचारलं, "बाकीचे तीन?"

चाचा शपथेवर सांगतात. मी पेन्सिलीने लिहून ठेवलंय.

*

धर्मा राठोड जवळच्या तांड्यावरचा. त्याने सगळ्या तांड्यासमोर सांगून ठेवलं होतं, "माह्या आज्यानं बैलावर लादून फौजेला दाणे पोचवले. मी घोडा देईन!"

घोडी म्हातारी. तिला हे एकच शिंगरू झालं, आता दुसरं होणार नाही. तांड्यावरचे चिडवायचे, "धर्मा, वरातीत नाचवशील बघ त्याला!"

शिंगरू आठ दिवसांचं असताना मी वर्णनाचा कागद भरला. रंग, पायांचे पांढरे पट्टे, कपाळावरचे केसांचे भोवरे.

"भाऊ, भोवरे काहून मोजून राहिले?"

"कागदावर रकाना आहे म्हणून."

धर्माचं तोंड उतरलं. आमच्याकडे घोडा घेताना लोक दातांच्या आधी भोवरे बघतात, आणि कपाळावर दोन असले की मालकाला वाईट म्हणतात. मी समजावलं, "अरे, ही फक्त खूण. माणसाच्या गालावरचा तीळ लिहितात तशी."

"व्हय, व्हय," तो म्हणाला.

पुढच्या बाजारापर्यंत सगळीकडे झालं होतं: फौज दोन भोवऱ्यांचं शिंगरू घेत न्हाई! एकाने तर मला बाजूला घेऊन विचारलं, "लष्करातला जोतिषी कुठला हो?"

*

आज खरेदीचे साहेब आले. उंची बसली. पाय बसले. कुंपणाबाहेर निम्मा तांडा उभा. साहेबांनी मी भरलेला कागद काढला.

"दो भौंरी लिखी है. यहाँ तो एक है."

"एकच हाय साहेब!" धर्मा छाती काढून म्हणाला. "पाहून घ्या, एकच!"

"फिर ये वो बच्चा नहीं है. ले जाओ."

मी कागद बघितला. अक्षर माझं, दोन. मी शिंगराचं कपाळ बघितलं. एक. कागद पुन्हा बघितला.

धर्माची छाती खाली आली. "भाऊ, सांगा ना, हे तेच हाय!"

 खूर तासायला आलेल्या करीमचाचांकडे मी बघितलं. चाचा शिंगराच्या खुरांकडे बघत होते.

"चाचा, आता बोला की!" धर्मा रडकुंडीला आला.

"मी काय बोलू? तूच म्हणला, एक भोवरा चिपकवून द्या. खैराचा नाही, बाभळीचाच डिंक वापरला. पक्का बसलाय."

साहेबांनी मला विचारलं, "ये क्या बोल रहे हैं?"

मी सांगितलं. साहेबांनी शिंगराच्या कपाळावरून अंगठा फिरवला. मग गरम पाणी मागवलं.

दोन बादल्या लागल्या. केस सुटले, फिरले. साहेबांनी बोट ठेवून मोजलं आणि मला लिहायला सांगितलं.

भोवरे दोन. खूण पटली. शिंगरू घेतलं.